सत्तावन्न की पंचावन्न

नेपरव्हिल, ११ ऑगस्ट २०२५

प्रिय शैलजा,

तुझं कानातलं मशीन ड्रॉवरमध्ये पडून असतं असं तुझ्या लेकाने, यतीनने सांगितलं. म्हणजे फोनवर मी घसा फोडणार आणि तू "हो हो, पाऊस आहे" म्हणणार. त्यापेक्षा पत्र बरं. शिवाय हे प्रकरण लेखीच हवं.

शनिवारी दुपारी तुमच्या कोलंबसच्या मुलींची बास्केटबॉलची मॅच पाहिली. नेहमीप्रमाणे मांडीवर वही. नीना म्हणते, "आई, सगळे स्टॅट्स स्क्रीनवर येतात, यू डोन्ट हॅव टू." येतात ना. पण स्क्रीनवरचं कुणीतरी भरतं, आणि भरणारा माणूस असतो. मी चौतीस वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये फेऱ्या मारल्या आहेत. कोण कुणाच्या पेपरात बघतंय हे मला पाठमोऱ्या मानेवरून कळतं.

रोझलिन टाकर खेळली अप्रतिम, यात वाद नाही. ती चेंडू सोडते तेव्हा मनगट नुसतं ढिलं पडतं, पाण्यातून हात काढून झटकावा तसं. रेषेबाहेरून नऊ टाकले, त्यातले सहा तर कडीला शिवलेही नाहीत. मॅच संपली तशी कॉमेंटेटर किंचाळायला लागली. सत्तावन्न पॉइंट! एका मॅचमधला लीगचा नवा विक्रम! डोना व्हिटफिल्डचा छप्पन्नचा विक्रम एकोणीस वर्षांनी मोडला!

माझ्या वहीत टाकरचे पंचावन्न आहेत.

मी तीनदा बेरीज केली. संघाचा एकूण आकडा जुळतो, टाकरचा जुळत नाही. मग नीनाकडून रेकॉर्डिंग लावून घेतलं आणि ते दोन पॉइंट सापडले. तिसरा क्वार्टर, चार मिनिटं शिल्लक. कुणाचा तरी शॉट कडीवर आपटून उडाला आणि समोरच्या संघाच्या उंच मुलीने बाहेर ढकलायला जाऊन स्वतःच्याच बास्केटमध्ये घातला. टाकर दोन पावलांवर उभी होती, हात खाली. चेंडूला तिचं नखही लागलं नाही. मी ते दोन पॉइंट जिथे द्यायचे तिथे दिले. कोलंबसच्या स्कोअरच्या टेबलावरून ते टाकरला दिले गेले.

आणि त्या टेबलावर कोण बसतं? एक जण बघून बोलतो, दुसरा टाइप करतो, हे तूच मला सांगितलं होतंस. बघून बोलणारी तुझी नात चारुता.

तिचा आणि टाकरचा गळ्यात गळा घातलेला फोटो नीनाच्या फोनवर मी जूनमध्येच पाहिला होता. तेव्हा काही बोलले नाही. आता बोलते. चारुताला विचार. नागपूरला कॉन्व्हेंटच्या टेबलावर मी चार वर्षं बसले, आणि एकही पॉइंट मी कधी खोटा लिहिला नाही. सिस्टर बेनेडिक्टा आज असत्या तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

तुझी,
शरयू

डब्लिन (कोलंबसजवळ), १७ ऑगस्ट

प्रिय शरयू,

पत्र मिळालं. पहिल्या ओळीच्या अक्षरावरूनच कळलं की तू रागावली आहेस. तुझे 'ट' भाल्यासारखे झाले होते.

अगं, दोन पॉइंटांचं काय घेऊन बसलीस? इकडचे तिकडे झाले असतील. एवढ्या मुली, एवढा गोंगाट, आपण दोघी तिथे असतो तर आपल्याला पापणी लवायचीही भीती वाटली असती. टाकर चांगली पोरगी आहे. मागच्या महिन्यात चारुताला तिने सही केलेली जर्सी दिली, ती चारुताच्या खोलीत भिंतीवर टांगली आहे.

चारुता सध्या जरा ताणात आहे. तिला लीगच्या मुख्य कचेरीत कायमची नोकरी मिळायची आशा आहे. सप्टेंबरच्या मध्याला इंटरव्ह्यू आहे. त्यामुळे हा विषय आपल्या दोघींतच राहू दे.

एकही पॉइंट खोटा लिहिला नाहीस म्हणतेस. बरं.

यतीनने अंगणात टोमॅटो लावलेत. ससे खातात. आम्ही बघत बसतो.

तुझी,
शैलजा

नेपरव्हिल, २२ ऑगस्ट

शैलजा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा जास्त घाबरले.

मी एक फोटो सांगितला, तू एक जर्सी सांगितलीस. मी एक शंका विचारली, तू एक इंटरव्ह्यू सांगितलास. आमच्या हॉलमध्ये अशी मुलगी असायची. तिला नुसतं विचारलं, "बाळ, पेन पडलं का?" की ती रडत रडत मोज्यातली चिठ्ठी काढून द्यायची.

चारुताला विचारलंस का? त्याबद्दल एक अक्षर नाही. सशांबद्दल तीन वाक्यं आहेत.

आणि हे "बरं" काय आहे? बरं म्हणजे काय?

१९७२ची सेमीफायनल आठवते का? चेंडू बाहेर गेला, अंपायरने आपल्याला दिला, आणि तू हात वर करून म्हणालीस, "सर, माझ्या बोटाला लागून गेला." सगळा संघ तुझ्यावर खेकसला. सिस्टरांनी दुसऱ्या दिवशी असेंब्लीत तुला उभं केलं, सगळ्या शाळेने टाळ्या वाजवल्या. त्या शैलजाला मी पत्र लिहिलं होतं. उत्तर भलत्याच बाईचं आलं.

मला टाकरशी वैर नाही. पण डोना व्हिटफिल्डचा विचार कोण करणार? मी नीनाकडून शोधून घेतलं. ती बाई आता कुठल्याशा लहान गावात शाळेतल्या मुलींना शिकवते. एकोणीस वर्षं तिच्या नावावर एक आकडा होता. तो कुणी खरोखर मोडला असता तर तिने उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या. पण टेबलावर बसून मोडला?

नीना म्हणते, "आई, लेट इट गो. इट्स अ गेम." खेळ आहे म्हणून तर. खेळात खोटं चाललं तर मग खरं ठेवायचं कुठे?

लीगला पाठवायचं पत्र मी लिहून ठेवलं आहे. इंग्रजीत, दोन पानं, मिनिट-सेकंदांसकट. १ सप्टेंबरपर्यंत तुझी वाट बघते.

शरयू

डब्लिन, २८ ऑगस्ट

शरयू,

पाठवू नकोस. हात जोडते.

कारण आहे. पत्रात लिहिता येत नाही. दिवाळीला तू इकडे ये, समोरासमोर सांगेन. तोवर त्या दोन पॉइंटांचं नाव काढू नकोस, माझ्याकडेही आणि कुणाकडेही.

शैलजा

नेपरव्हिल, ३ सप्टेंबर

शैलजा,

तुझं पत्र आज आलं. माझं काल गेलं, सर्टिफाइड मेलने, पावती माझ्याकडे आहे. चारुताचं नाव मी लिहिलेलं नाही. टेबल लिहिलं आहे. पण टेबलाला तोंड नसतं, हे त्यांनाही कळेल.

"कारण आहे" म्हणतेस, म्हणजे गोष्ट खरी आहे. खोटी असती तर तू मला चार शिव्या घातल्या असत्यास. मी शिव्यांची वाट बघत होते गं. मनापासून.

शरयू

डब्लिन, २४ सप्टेंबर

शरयू आजी,

नमस्कार. मी चारुता. माझं मराठी रविवारच्या शाळेचं आहे, सो प्लीज ॲडजस्ट. मी हे इंग्लिशमध्ये लिहू शकले असते, पण मग तुम्ही म्हणाला असता की मी लपवते आहे.

तुमचं पत्र लीगला मिळालं. त्यांनी माझ्या बॉसला फोन केला. रिव्ह्यू होईपर्यंत मला टेबलवर बसू दिलं नाही. मी दोन होम गेम्स मिस केल्या, सीझनची शेवटची पण. सहा वर्षांत मी एकही गेम मिस केली नव्हती. त्या दिवशी मी वर, पॉपकॉर्नच्या बाजूला बसून बघितली. बाजूच्या काकांनी मला विचारलं, "फर्स्ट टाइम?"

रिव्ह्यू संपला. काहीच चुकलेलं नव्हतं.

आमचा रूल असा आहे: डिफेन्सच्या मुलीने चुकून स्वतःच्या बास्केटमध्ये बॉल टाकला, तर समोरच्या टीममधली जी प्लेयर तिच्या सगळ्यात जवळ असेल तिला ते पॉइंट्स देतात. आणि खाली फुटनोट लिहितात. रोझलिन सगळ्यात जवळ होती. मी तेच म्हणाले. फुटनोट पण लिहून घेतली. ती पहिल्या दिवसापासून शीटवर आहे, एकदम तळाला. रूलचं पान आणि ती शीट, दोन्ही सोबत पाठवते आहे.

जर्सी रोझलिनने टेबलवरच्या सगळ्यांना दिली होती. आम्ही आठ जण आहोत.

इंटरव्ह्यू पुढे ढकलला. ऑक्टोबर २० आहे आता. मे बी होईल, मे बी नाही.

मी रागावले आहे, पण एक प्रश्न खरंच विचारायचा आहे, कारण तुमचं रजिस्टर मी लहानपणी पाहिलंय आणि ते कधी चुकत नाही. तुमच्या वहीत ते दोन पॉइंट्स कुणाला दिलेत?

आणि आजीला काय झालंय? तिने माझ्या भिंतीवरची जर्सी काढून क्लोझेटमध्ये ठेवली. मला काही विचारलं नाही. तीन आठवडे ती मशीन कानात घालतच नाहीये.

चारुता

नेपरव्हिल, २९ सप्टेंबर

शैलजा,

चारुताला वेगळं पत्र लिहिलं आहे. लीगलाही लिहिलं आहे, त्याच सर्टिफाइड मेलने. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की तक्रार करणारी बाई चूक होती, टेबल बरोबर होतं, आणि टेबलावर बसणाऱ्या मुलीची एक आकडाही न चुकवण्याची सवय इतर ठिकाणीही उपयोगी पडेल. त्यांना काय समजायचं ते समजू दे.

तुलाही सांगायला हवं. माझं चुकलं. हे वाक्य मी सलग लिहिलं आहे, मध्ये पाणी प्यायला उठले नाही.

चूक कशी झाली तेवढं ऐक. आपल्याकडे सिस्टरांनी जी नियमांची लाल पुस्तिका पाठ करून घेतली होती, तिच्यात स्वतःच्या बास्केटमध्ये पडलेला चेंडू समोरच्या संघाच्या कॅप्टनच्या नावावर लिहायचा असा नियम होता. चेंडूला कुणाचा हात लागला, कोण जवळ होतं, काही बघायचं नाही. मैदानावरच्या कॅप्टनला द्यायचे आणि मोकळं व्हायचं. मी मांडीवरच्या वहीत तेच केलं. ते दोन कोलंबसच्या कॅप्टनला दिले आणि टाकरचे पंचावन्न राहिले. इथे नियम वेगळा असू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दहा वर्षं इथे राहते. ही माणसं दिवेसुद्धा उलट्या बटणाने लावतात, मग बास्केटबॉल तेवढा आपल्यासारखा लिहितील असं मला का वाटलं?

टाकरने न टाकलेला चेंडू टाकरचा, हे मला अजूनही पटत नाही. पण नियम आहे आणि तो तळाला लिहिलेला होता. मी चौतीस वर्षं मुलींना ओरडून सांगितलं, उत्तर लिहायच्या आधी प्रश्नपत्रिकेच्या तळाच्या सूचना वाचा. स्वतः मात्र आकडा बघितला आणि पोलिसाकडे धावले.

ती पोर पॉपकॉर्नच्या बाजूला बसली होती म्हणे. शैलजा, ते वाचल्यापासून मला जेवण गोड लागत नाही.

आता एकच राहिलं. माझी शंका काही मेलेली नाही, तिने फक्त घर बदललं आहे. चारुता स्वच्छ होती, तर तू कशाला घाबरलीस? तू तिला एका शब्दाने विचारलं नाहीस. जर्सी लपवलीस. मला हात जोडलेस. निर्दोष मुलीची आजी असं वागत नाही. तुझ्या मोज्यात काय आहे ते काढ.

शरयू

डब्लिन, ६ ऑक्टोबर

प्रिय शरयू,

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी चार वेळा वाचलं. "मैदानावरच्या कॅप्टनला द्यायचे आणि मोकळं व्हायचं." मग स्वयंपाकघरात जाऊन खुर्चीवर बसले. सूनबाई म्हणाली, "आई, आर यू ओके?" मी म्हटलं, चहा टाक.

शरयू, १९७२च्या फायनलला कॅप्टन मी होते.

तू विसरली नसशील, पण मी विसरले होते. आपली खरी कॅप्टन तापाने फणफणली आणि सिस्टरांनी मॅचच्या दहा मिनिटं आधी माझ्या दंडाला फीत बांधली. अंपायरशी हात मिळवायचा एवढंच कॅप्टनचं काम, असं मला वाटलं होतं. ती लाल पुस्तिका तू पाठ केलीस. मी पाठ केली असं सिस्टरांना सांगितलं.

दुसऱ्या हाफमध्ये समोरच्या संघाच्या अहिल्याने चेंडू स्वतःच्याच बास्केटमध्ये घातला. मी तेव्हा मधल्या रेषेवर वाकून बुटाची नाडी बांधत होते. मॅच संपली आणि तू टेबलावरून धावत आलीस. "एकतीस! शैले, एकतीस! तीसचा विक्रम मोडलास!" मी मनातल्या मनात मोजत होते. माझे एकोणतीस होते. शूटरला स्वतःचे कधी चुकत नाहीत, तुला माहीत आहे. मग कळलं की अहिल्याचे ते दोन माझ्या नावावर गेलेत. तुझा चेहरा इतका फुलला होता की मला वाटलं, शरयूने माझ्यासाठी केलं. शरयूने माझ्यासाठी खोटं लिहिलं.

सेमीफायनलला बोटाला लागलेला चेंडू कबूल करणारी मी, तेव्हा गप्प बसले. बोलले असते तर तुझं टेबल गेलं असतं. शाळेच्या कॉरिडॉरमधल्या विक्रमांच्या बोर्डावर माझं नाव चढलं, सोनेरी रंगात. मी चार महिने त्या कॉरिडॉरने गेले नाही. लायब्ररीला वळसा घालून जायचे.

आणि मग राज्याच्या कॅम्पचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, "आपल्या विक्रमाची दखल घेऊन." ते मी फाडलं. तुला सांगितलं, बाबा नाही म्हणाले. बाबांनी ते पत्र बघितलंसुद्धा नव्हतं. खोट्या आकड्यावर बसून जायला मला लाज वाटली आणि तुला विचारायला त्याहून जास्त.

तू तेव्हा दोन महिने माझ्याशी बोलली नाहीस. म्हणालीस, बाबांपुढे तोंड न उघडणारी घाबरट मैत्रीण मला नको.

म्हणून ऑगस्टमध्ये तुझं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, हे फिरून माझ्याच दारात आलं. तू माझ्यासाठी केलंस तेच चारुताने टाकरसाठी केलं. शरयू, मी माझ्या नातीला चोर समजले. जेवायला वाढताना तिच्या तोंडाकडे बघायचे. विचारलं मात्र नाही. मी कुणालाच कधी विचारत नाही. आणि वर तू लिहिलंस की एकही पॉइंट कधी खोटा लिहिला नाही. मी म्हटलं, बरं.

काल चारुताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजी, यू कुड हॅव जस्ट आस्क्ड." जर्सी तिने परत टांगली. खिळा मी धरला.

एक सांग. ते दोन पॉइंट तू खरंच नियमाने लिहिले होतेस? की आज मला बरं वाटावं म्हणून म्हणते आहेस? माझा स्वभावच बिघडला आहे, राग मानू नकोस.

तुझी,
शैलजा

नेपरव्हिल, ११ ऑक्टोबर

शैले,

सोबतचा कागद जपून उघड. गुलाबी आहे आणि घडीवर फाटायला आला आहे. स्कोअरशीटची तिसरी कार्बन प्रत टेबलावर बसणाऱ्या मुलीला मिळायची. ही आपल्या फायनलची, माझ्या नकाशांच्या वहीत त्रेपन्न वर्षं पडून होती. वही शाळेत होती तेव्हाही, आणि नीनाने मला इकडे आणलं तेव्हाही. तुला हवी होती तर मागायची होतीस.

आकडे बघू नकोस. तळाला बघ. डाव्या कोपऱ्यात सोळा वर्षांच्या मुलीचं नीट, गोल, कॉन्व्हेंटचं अक्षर आहे. त्यात लिहिलं आहे की प्रतिस्पर्ध्याने स्वतःच्या बास्केटमध्ये घातलेले दोन, नियमानुसार कॅप्टनला. शेजारी सिस्टर बेनेडिक्टांची सही आहे. मीही तेव्हा तळटीप लिहीत होते, आणि कुणी वाचत नव्हतं.

मी तुझ्यासाठी खोटं लिहिलं नाही. लिहिलं असतं का, हे मी काल रात्रभर स्वतःला विचारलं. नसतं लिहिलं. आणि तू त्रेपन्न वर्षं समजत होतीस की लिहिलं, आणि तरी माझी मैत्रीण राहिलीस. यावर रागवायचं की काय करायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. घाबरट म्हणाले होते, तो शब्द परत घेते. त्याच्या जागी घालायला दुसरा सापडत नाही.

तू कॅम्पला गेली असतीस. मी हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

चारुताच्या इंटरव्ह्यूला मी येते आहे. म्हणजे तिच्यासोबत आत नाही, घाबरू नकोस. तुझ्या स्वयंपाकघरात बसून ती परत येईपर्यंत वाट बघणार. नीनाने १९ तारखेचं विमान बुक केलं आहे. ती म्हणाली, "आई, प्लीज डोन्ट राइट टू एनीबडी."

त्याआधी, येत्या शुक्रवारी दुपारी चार वाजता मी फोन करणार आहे. मशीन कानात घाल. तब्येत, पाऊस, ससे यातलं काही बोलायचं नाही. मी "हॅलो" म्हटलं की तू मला १९७२ साली विचारायचा होता तो प्रश्न विचार. "शरयू, ते दोन पॉइंट कुणाचे?"

उत्तर तुला ठाऊक आहे. तरी विचार. मला ते तुझ्या तोंडून ऐकायचं आहे, आणि तुला माझ्या.

तुझी,
शरयू